विठ्ठलाचं मत

मनीषनगरातल्या सुखशांती कॉलनीतल्या विठ्ठल मंदिराच्या दाराला दोन कुलपं होती. एक बळीराम चाफल्यांचं आणि एक विश्वनाथ घाटोळ्यांचं. दोन्ही पितळी, दोन्ही भारी. एकाने आपलं उघडावं तर दुसऱ्याचं लागलेलं. दुसऱ्याला फोन करावा तर तो नेमका काटोलला साळ्याकडे गेलेला. पुजारी बिचारा गाभाऱ्याच्या मागच्या खिडकीएवढ्या दारातून तिरपा होऊन आत जायचा, देवाला आंघोळ घालायचा आणि तिरपा होऊन बाहेर यायचा. देव विटेवर सरळ आणि पुजारी तिरपा, असा सगळा कारभार होता.

भांडण मूळ दारावरूनच. सभामंडप बांधला तेव्हा दार विश्वनाथरावांनी दिलं. लकडगंजच्या लाकूडबाजारात आठवडाभर हिंडून निवडलेलं अस्सल सागवान, दोन कवाडं, वर पितळी पट्टीवर वडिलांचं नाव. दारात खोट काढायला जागा नव्हती, फक्त ते बाहेरच्या अंगाला उघडायचं.

"गर्दी झाली, चेंगराचेंगरी झाली, तर दार बाहेर उघडलं पायजे," विश्वनाथराव म्हणत. "टॉकीजमध्ये पाहा, कसं असते."

"देऊळ आहे का टॉकीज?" बळीरामभाऊ त्या वेळी अध्यक्ष होते. "देवाचं दार आतच उघडते. बाहेर उघडणारं दार म्हणजे देव भक्ताले म्हणते, चाल, हो बाजूला."

एवढ्यावरून सुरू झालेलं प्रकरण कीर्तनात बुवांना हार कोणी घालायचा इथपर्यंत गेलं. एका साली दोघांनी एकदम हार घातले आणि पूर्वरंग संपवून दम खाणाऱ्या बुवांच्या पगडीचा झेंडूत दफनविधी झाला. त्यानंतर कुलपं आली. कीर्तन सप्ताह बंद पडला, त्याला तीन वर्षं होत आली.

या सगळ्यात खरे होरपळले ते शालिकराम ठवकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, तब्येत ठीक, बोलणं मऊ, पण कीर्तनाचं वेड असं की दूर कुठे झांज वाजली तर हातातला घास ताटात ठेवून दिशा ओळखायचे. कुठल्या बुवांचं नमन लांबतं, कुणाचं आख्यान रंगतं, कोण रडवून हसवतो आणि कोण हसवून रडवतो, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई म्हणायच्या, "देवानं तुमाले कान टाळ ऐकायलेच दिले. माझं ऐकायचं असलं की मलेच टाळ वाजवत बसा लागते."

तर अशा शालिकरामांना एका सकाळी जुन्या कीर्तनकार सिंदीकरबुवांचा फोन आला.

"शालिकराम, आवाज चालला गा," बुवा म्हणाले. खरंच आवाज गेल्यासारखाच होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. "डॉक्टर म्हणते, गप राहा. पण एक कीर्तन गळ्यात राहून गेलं आहे. पहिलं कीर्तन मी तुमच्या विठ्ठलासमोर केलं होतं, टीनाचं छप्पर होतं तेव्हा. शेवटचंही त्याच्याच समोर करीन म्हणतो. मंग चिपळ्या त्याच्याच पायाशी ठेवून देतो. होते का काही?"

शालिकरामांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी माणूस काय वाटेल ते कबूल करतो. "बुवा, या तुम्ही. दार उघडं ठेवतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर खिडकीतून त्या दाराकडे पाहत राहिले. दोन्ही कुलपं उन्हात चमकत होती.

आता इथे जावयाचा प्रवेश. शालिकरामांची मुलगी वंदना आणि जावई अश्विनराव वर्षभरापासून मनीषनगरातच, तीन गल्ल्या पलीकडे राहत होते. अश्विनराव बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरूनच करत. ते नेमकं काय करतात हे शालिकरामांना तीनदा समजावून झालं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी "असं का!" म्हटलं होतं. जावयाला दुसरं काय म्हणणार? जावयाच्या म्हणण्याला नाही म्हणायचं नाही, हा आपल्याकडचा सर्वांत जुना कायदा. घटनेच्या आधीचा.

"बाबा, तुमचा प्रॉब्लेम देवाचा नाही, किल्लीचा आहे," अश्विनराव पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले. "किल्ली ज्याच्याजवळ, तो राजा. मग किल्लीच नको ना. अध्यक्ष नको, सचिव नको. नियम कोडमध्ये लिहून टाकायचा. अर्ध्याहून जास्त लोकांनी मोबाइलवर हो म्हटलं की कुलूप आपोआप उघडते. नाही म्हटलं, तर ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. कोड हाच कायदा. पोलीस नको, कोर्ट नको."

"ते बिटकॉइनचं लफडं तर नाही?" प्रेमिलाबाईंनी विचारलं. "शेजारच्या नंदिनीचा भाऊ त्याच्यातच बुडाला."

"तंत्र तेच, पण पैसा नाही, आई. कॉलनीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक टोकन. ज्याच्याजवळ टोकन, त्याचं मत. कोणी खोडू शकत नाही, कोणी बदलू शकत नाही. सगळी नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर."

"आपल्या देवळाची?"

"आपल्या देवळाची."

मनीषनगरच्या देवळाचं दार उघडलं हे जगभरच्या हजारो कॉम्प्युटरना कळणार, या विचाराने शालिकरामांना जरा संकोच वाटला. पण बुवांचा तो खोल आवाज कानात होता. त्यांनी कंबर कसली.

सभा पिंपळाखाली झाली. दोन्ही पक्ष दोन सतरंज्यांवर बसले. योजना ऐकून बळीरामभाऊंना आनंद झाला, कारण विश्वनाथरावांची किल्ली जाणार होती. विश्वनाथरावांनाही आनंद झाला, कारण बळीरामभाऊंची जाणार होती. एवढं एकमत कॉलनीत यापूर्वी फक्त पाण्याच्या टँकरविषयी झालं होतं.

टोकनला नाव काय द्यायचं यावर मात्र तासभर गेला. शेवटी शालिकराम म्हणाले, "तुळशीपान म्हणू." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकशेआठ माणसं, एकशेआठ पानं. मग मागच्या रांगेतून इंदूबाई उठल्या. कॉलनीतल्या सर्वांत वयस्कर, आणि देवळाची पहिली वीट त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलेली, म्हणून त्या बोलल्या की सगळे गप्प बसत.

"साऱ्याईले खातं, आन् ज्याचं देऊळ त्याले नाही? विठ्ठलाचंही उघडा ना बाप्पा."

अश्विनरावांनी देवाच्या नावानेही खातं उघडलं. पण त्याचा गुप्त परवलीचा शब्द कोणाजवळ ठेवायचा? ज्याच्याजवळ ठेवावा तो पुन्हा अध्यक्षच. "मग कोणाजवळच नको," शालिकराम निश्चयाने म्हणाले. "देवाची किल्ली माणसानं ठेवूच नये." हे वाक्य सभेला इतकं आवडलं की टाळ्या पडल्या. अश्विनरावांनी तो परवलीचा शब्द सर्वांसमक्ष पुसून टाकला. शालिकरामांना त्या रात्री छान झोप लागली. पुढे त्या टाळ्या त्यांना बरेच दिवस ऐकू यायच्या होत्या, पण ते नंतर.

जुने कडीकोयंडे निघाले. दोन कवाडांच्या मधोमध काळं, चपटं, निळा दिवा असलेलं कुलूप बसलं. बळीरामभाऊ आणि विश्वनाथरावांनी पुजाऱ्यामार्फत विठ्ठलाच्या पायाला लावलेल्या बुक्क्यावर हात ठेवून शपथ घेतली की या कुलपाला मी हात लावणार नाही, तोडणार नाही, तोडू देणार नाही. सगळ्या कॉलनीने मागून "नाही" म्हटलं.

पहिले काही आठवडे स्वर्ग होता. अडचण आली नाही असं नाही. बायकांनी सांगून टाकलं की पारोशाने तुळशीपानाला बोट लावणार नाही, म्हणून सगळ्यांच्या आंघोळी आटोपेपर्यंत मतं पुरी होत नसत आणि काकड्याला दार नाश्त्याच्या वेळी उघडे. विश्वनाथरावांचा लकडगंजातला पुतण्या रोज फोन करून विचारे, "काका, पान आज कितीले चालू आहे? वाढलं तर सांगजा, दोन घेऊन ठेवतो." त्याला हे पान चढत-उतरत नाही हे पटवताना विश्वनाथराव थकले. पण दार उघडत होतं. झांजा वाजत होत्या. सप्ताहाची तारीख ठरली, बुवांना कळवलं, आणि लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी शालिकराम सदरच्या पोलीस कचेरीत गेले.

साहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी अर्ज घेतला.

"अध्यक्षाचं नाव लिहिलं नाही, काका."

"अध्यक्ष नाही, साहेब."

"वारले का?"

"नाही, ठेवलाच नाही."

"मग सचिवाची सही करा."

"तोही नाही. आमचं मंडळ नियमावर चालते. कोड आहे. तोच कायदा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, समजा तुमचा भोंगा उशिरापर्यंत वाजला. लोकांनी तक्रार केली. मी जीप घेऊन आलो. पकडू कोणाले? कोडले जीपमध्ये बसवू?"

शालिकरामांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात बसून लोकांना असेच प्रश्न विचारले होते. अशा प्रश्नाला उत्तर नसतं हे त्यांना आतून माहीत होतं, आणि आपलाच बाण इतक्या वर्षांनी वळसा घालून आपल्याला लागला याचं त्यांना वाईट वाटलं. पण हटायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"मले पकडा."

"तुम्ही कोण मंडळाचे?"

"श्रोता," ते म्हणाले.

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'जबाबदार व्यक्ती – श्रोता.' आणि खाली अट घातली: कार्यक्रम सभामंडपाच्या चार भिंतींच्या आतच. अंगणात, रस्त्यावर, पिंपळाखाली नाही. "आन् मी स्वतः येऊन पाहीन हं," ते म्हणाले.

शालिकराम तो कागद मिरवत घरी आले. त्याच दिवशी एकादशी होती.

संध्याकाळी इंदूबाईंनी नातवाच्या मोबाइलवर आपलं पान काढलं आणि नातवाला म्हणाल्या, "पाठव रे विठ्ठलाले."

"आजी, काहून?"

"अरे, तुळशीपान कोणाचं असते? आज एकादशी. पदरात बांधून ठेवू का मी?"

एवढंच झालं. म्हणजे व्हायला एवढंच पुरे होतं. इंदूबाईंनी पान वाहिलं हे कॉलनीच्या ग्रुपवर आलं, आणि बळीरामभाऊंच्या घरात खळबळ उडाली. इंदूबाई वाहतात आणि आपण पान धरून बसतो? त्यांनी वाहिलं. बळीरामनं वाहिलं हे कळताच विश्वनाथरावांनी वाहिलं, शिवाय पुतण्यालाही फोन करून सांगितलं की आता पान विकत मिळणार नाही. मग दोन्ही पक्षांत अशी चढाओढ लागली की रात्रीच्या आरतीपर्यंत ग्रुपवर नुसता तुळशीचा सडा पडला होता. शालिकरामांनी इंदूबाईंच्या पाठोपाठच वाहिलं होतं. डोळे मिटून, हात जोडून. अख्खी कॉलनी एका सुरात देवाला काही देते आहे हे पाहून त्यांना गहिवर आला.

मागे राहिली फक्त गावाला गेलेल्यांची पानं आणि प्रेमिलाबाईंचं.

"तू नाही वाहिलं?" शालिकरामांनी दुखावून विचारलं.

"मी अंगणातलं खरं वाहते रोज," त्या म्हणाल्या. "मोबाइलमधलं पान खाते का तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळी झाल्या, बोटं दाबली गेली, आणि दार उघडलं नाही.

निळ्या दिव्याच्या जागी लाल दिवा लागला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश आला: 'पुरेशी मते नाहीत.' शालिकरामांना वाटलं नेट गेलं. मग वाटलं लाइट गेली. मग अश्विनराव पायजम्यावरच धावत आले, मोबाइल पाहिला आणि पायरीवर बसले.

"बाबा, ज्याच्याजवळ पान, त्याचं मत."

"बरं मग?"

"पानं विठ्ठलाजवळ आहेत."

एकेक जण आपापला मोबाइल उलटा करून पाहू लागला.

"परत घेता येते?" कोणीतरी विचारलं.

"पाठवलं की गेलं. तेच तर त्याचं बळ आहे," अश्विनराव क्षीण आवाजात म्हणाले.

"आन् येत असलं तरी घेऊ देणार नाही," बळीरामभाऊ गरजले. "देवाले वाहिलेलं परत मागणार का आता? नरकात जागा पायजे?" हे मात्र सगळ्यांनाच पटलं. कोड आणि धर्म यांचं इतकं एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"मग देवालाच मत द्यायले सांगू," शालिकराम म्हणाले. त्यांच्या आवाजात निश्चय होता, कारण दुसरं काही नव्हतंच.

"त्याच्या खात्याचा परवलीचा शब्द?"

सगळ्यांच्या माना हळूहळू शालिकरामांकडे वळल्या. देवाची किल्ली माणसानं ठेवूच नये. टाळ्या.

पुढचे दिवस सल्ल्यांचे गेले. आपल्याकडे अडचणीत माणूस एकटा कधीच नसतो, त्याला सल्ला असतो. समोरचे जोशीकाका म्हणाले, लाइट जाऊ द्या, उघडेल. त्यात बॅटरी होती. मागच्या दारातून जा म्हणावं, तर त्यात एकटा पुजारीच मावत होता, तोही तिरपा. नंदिनी म्हणाली, कुलूप तोडा. तिला शपथेची आठवण करून दिली तेव्हा ती म्हणाली, मी शपथेच्या दिवशी भंडाऱ्याला होते, मी तोडते. तिला घरी पाठवलं. कोणी म्हणालं, देवासमोर मोबाइल धरा, चेहरा पाहून उघडतो आजकाल. पुजारी मोबाइल घेऊन तिरपा आत गेला. मोबाइलने विठ्ठलाचा चेहरा ओळखला नाही, ही गोष्ट पुजाऱ्याने बाहेर येऊन इतक्या हळू आवाजात सांगितली की इंदूबाईंना रडू आलं.

"बोट तरी लावून पाहा देवाचं," विश्वनाथराव म्हणाले.

पुजारी पुन्हा आत गेला आणि तसाच परत आला. "लागत नाही," तो म्हणाला. "दोन्ही हात कमरेवर आहेत."

गणपती असता तर चारांतला एखादा हात मोकळा सापडला असता. मारुती असता तर हातांऐवजी शेपटी पुढे केली असती. पण कॉलनीने भक्तीसाठी निवडला तो देव असा, की ज्याने काहीही झालं तरी कमरेवरचे हात काढायचे नाहीत असं ठरवूनच उभं राहायला सुरुवात केली होती.

प्रेमिलाबाईंनी रात्री विचारलं, "बुवांना नका येऊ म्हणून सांगून राहिले का?"

"नाही," शालिकराम म्हणाले. "मी दार उघडं ठेवतो म्हटलं आहे."

"उघडणार कसं?"

"ते माहीत नाही. पण मी म्हटलं आहे."

प्रेमिलाबाईंनी त्यांच्या दुधात जरा जास्त साखर घातली.

सप्ताहाचा पहिला दिवस उजाडला. संध्याकाळी बुवा रिक्षातून उतरले. अंगात पांढरा अंगरखा, गळ्यात उपरणं, डोक्याला पगडी, हातात चिपळ्या. एका बाजूने शालिकरामांचा आधार घेत ते पायऱ्या चढले आणि बंद दारासमोर उभे राहिले. त्यांनी शालिकरामांकडे पाहिलं. तेच फार लागलं.

सगळी कॉलनी जमली होती. पेटी होती, तबला होता, समया होत्या. साहेबही आले होते, साध्या कपड्यांत, हातात परवानगीचा कागद.

"पिंपळाखाली करू का?" कोणीतरी पुटपुटलं.

"चार भिंतींच्या आत," साहेब ओशाळून म्हणाले. "मीच लिहिलं आहे, काका. पलीकडच्या गल्लीत आजारी माणूस आहे, त्याच्यासाठी." आणि बुवांनीही मान हलवली. "त्याच्या समोरच करायचं होतं गा. तो दिसला पायजे मले."

तेव्हा बळीरामभाऊंचा संयम सुटला. "दारच अपशकुनी!" ते ओरडले. "मी तेव्हाच म्हटलं होतं. बाहेर उघडणारं दार! देवानं साऱ्याईले बाहेर काढलं का नाही?"

विश्वनाथराव लालबुंद झाले. "माझ्या बापाचं नाव आहे त्या दारावर!"

"म्हणूनच तर उघडत नाही!"

"असं का? मग माझं दार मले परत द्या! आताच नेतो!" म्हणत विश्वनाथराव तरातरा घरी गेले आणि हातोडी-पेचकस घेऊन आले. लोक मध्ये पडेपर्यंत त्यांनी वरच्या बिजागरीच्या खिळीवर खालून एक ठोका घातला.

खीळ टणकन उडून बुवांच्या पायाशी पडली.

"वाहिलेलं परत घेतो का रे?" बळीराम धावले. "पाप लागते!"

पण शालिकराम खाली वाकले होते. त्यांनी ती खीळ उचलली. खीळ पाहिली, बिजागरी पाहिली. दार बाहेर उघडतं. म्हणून बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे खिळ्या बाहेर. म्हणजे...

"विश्वनाथभाऊ," ते ओरडले, आणि इतक्या मोठ्याने ओरडताना त्यांना कोणी कधी ऐकलं नव्हतं, "थांबू नका! ठोका! दुसऱ्याही बाजूच्या ठोका!"

"अहो, पण नेणं बरोबर नाही..." बळीराम.

"न्यायचं नाही! काढायचं फक्त!"

सगळे बुवांकडे वळले. बुवांनी पगडी सारखी केली. निवाडा करताना ते नेहमीच असं करत. "दार देवाचं झालं, ते देवाचंच राहील," ते म्हणाले. "घरी कोणी नेऊ नका. पण ते चौकटीतच उभं ठेवा, असं देवानं कधी म्हटलं? अंगणही त्याचंच आहे."

"आन् शपथ?" बळीरामभाऊंनी विचारलं.

"शपथ कुलपाची घेतली," शालिकराम म्हणाले. "कुलपाले कोणी हात लावून नाही राहिलं. त्याचा लाल दिवा पाहा, जसाच्या तसा."

अश्विनरावांनी मोबाइल पाहिला. "कोडप्रमाणे दार बंदच आहे, बाबा," ते आदराने म्हणाले. जावयाने सासऱ्याशी आदराने बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. एरवी आदर उलट दिशेनेच वाहतो.

खिळ्या एकामागून एक निघाल्या. दोन्ही कवाडं मधल्या कुलपाने जोडलेली, अखंड दार एकदम सैल झालं. सागवान ते, अस्सल लकडगंजचं. विश्वनाथरावांनी एक कड धरली आणि ते कललं. दुसरी कड कोणीतरी धरायलाच हवी होती. बळीरामभाऊ जवळ होते. त्यांनी धरली.

"सांभाळून गा विश्वनाथ, पाय," ते म्हणाले. तीन वर्षांनी निघालेला पहिला मायेचा शब्द.

"तुमी मागं पाहा, पायरी आहे."

दोघे धापा टाकत, आडवे होत, ते दार उचलून अंगणात आले आणि पिंपळाला टेकवून ठेवलं. बळीरामभाऊंनी कपाळाचा घाम पुसला. "बाहेर उघडणारं केलं ते बरंच झालं," ते कुरकुरले.

"काय म्हटलं?"

"काही नाही. चाल, हार आण."

साहेब चौकटीत येऊन उभे राहिले, आत पाहिलं, बाहेर पाहिलं, कागद वाचला. "भिंती चार आहेत," त्यांनी मोजून सांगितलं. "दाराचं यात काही लिहिलेलं नाही." आणि चपला काढून श्रोत्यांत बसले.

बुवांनी नमन धरलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला सावरला, तिसरीला झांजांनी त्याला खांद्यावर घेतलं. पूर्वरंग झाला. बुक्का लागला. हार एकच होता आणि तो दोन हातांनी आणला होता, एक हात बळीरामभाऊंचा आणि एक विश्वनाथरावांचा. पगडी वाचली. मग आख्यान असं रंगलं की शालिकरामांना एकदाही आपण कुठे बसलो आहोत ते आठवलं नाही. शेवटी बुवा चालत गाभाऱ्याशी गेले, विठ्ठलाच्या पायाशी चिपळ्या ठेवल्या, आणि तिथेच हात टेकून थोडा वेळ राहिले. इंदूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

त्या शांततेत सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले.

बुवा वळले. "काय म्हणते ते?"

शालिकरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण विचारलंय तर सांगायला हवं. त्यांनी चष्मा लावून वाचलं: "सभामंडपाचे दार बंद आहे. विठ्ठल यांच्या मताची वाट पाहत आहोत."

बुवा हसले. आवाज नव्हताच आता, नुसते खांदे हलले. "पाहू दे गा," ते कुजबुजले. "तोही तेच करून राहिला, विटेवर."

"मोबाइल बंद करा सारे," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी निरांजन पुढे केलं. "आरती व्हायची आहे."